तेवीस ऑगस्ट, अक्षरी

हिंगोली,
२ फेब्रुवारी २००८

प्रिय अंगद,

एकोणीस नोव्हेंबरचं तुझं पत्र मला मिळालं. ते तू मला लिहिलंस हे तुलाच ठाऊक नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. 'अक्षरी'च्या मेलिंग लिस्टवर, ती वापरणाऱ्या सगळ्यांच्या देखत, 'डिअर सर' अशी सुरुवात करून तू ज्या डी. पी. के. साहेबांना विनवण्या केल्यास, ते साहेब म्हणजे मी. दीक्षा पुंजाजी खिल्लारे, मुक्काम हिंगोली, बसस्टँडच्या मागे, कॉम्प्युटर सेंटर. त्या एका पत्रात तू मला सात वेळा सर म्हणालास आणि चार वेळा प्लीज. मी मुद्दाम मोजलं. आपण शेवटचं बोललो ते जून नव्व्याण्णवमध्ये, आणि तेव्हा तू 'हे बघ दीक्षा' म्हणाला होतास, आवाज खाली घेऊन, व्हरांड्यात कुणी ऐकत तर नाही ना ते बघत. त्या मानाने 'सर' ही बढतीच म्हणायची. तुझ्या पत्राची प्रिंट काढून मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे आणि रोज सकाळी सेंटर उघडलं की एकदा वाचते. खोटं कशाला सांगू, फार गोड लागतं.

तू 'अक्षरी' उतरवून घेताना वरची माहिती वाचली नसणार, तुझी ती सवयच नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आकडा किंवा तारीख दिली की ती मराठी शब्दांत लिहून देणारा हा छोटासा प्रोग्राम. इंग्रजीत वीसच्या पुढे शब्दाला शब्द जोडत गेलं की भागतं. आपल्याकडे एकोणसाठ, त्रेसष्ट, सत्याहत्तर, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून शंभरापर्यंतचा अख्खा तक्ता आत भरावा लागतो. तो मी २००४ मध्ये पीएचपी या भाषेत लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा ठेवला. अट एकच, फाइलच्या माथ्यावरची नावाची ओळ काढायची नाही. तिथे मी नुसती आद्याक्षरं लिहिली, कारण पूर्ण नाव लिहिलं की आपल्याकडे लोक कामाच्या आधी 'कोणाची' ते विचारतात. तू ती ओळ ठेवलीस. डी. पी. के. म्हणजे कोण हे कळलं असतं तर ठेवली असतीस का, याचं उत्तर मला नको. ग्रामपंचायती, वाचनालयं, छापखाने, आणि पुण्यातली तुझी कंपनी, सगळे तो प्रोग्राम वापरतात. नांदेडचे प्रेमसिंग म्हणून एक निवृत्त तारमास्तर मला मदत करतात, पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा शेवटचा शब्द माझा असतो.

तुझं मागणं मला पहिल्या वाचनातच समजलं. पीएचपीची चार नंबरची आवृत्ती आता थकली. पाच नंबरची येऊन तीन वर्षं उलटली, चारची डागडुजी तिच्या कर्त्यांनीच डिसेंबरअखेर थांबवली, आणि येत्या ऑगस्टनंतर तिच्यात चोराला शिरायला फट सापडली तरी ती बुजवायला कुणी येणार नाही. जगभरातल्या पुष्कळ प्रकल्पांनी येत्या मंगळवारपासून, पाच फेब्रुवारीपासून, नवीन काम फक्त पाचसाठी करायचं असं मिळून ठरवलं आहे. 'अक्षरी'ने काय करायचं ही चर्चा लिस्टवर ऑक्टोबरपासून चालू होती. त्यात तू उतरलास. चारला आणखी दोन वर्षं सांभाळा, आमचा शाळांच्या दाखल्यांचा प्रोग्राम चारवर उभा आहे, ऐन जूनमध्ये दाखले अडले तर शाळा आम्हाला उभं करणार नाहीत. आणि माझ्या मनाला पाझर फुटावा म्हणून तुझ्या तीनशे चाळीस शाळांची यादी, गाव, तालुका, मुख्याध्यापकाच्या नावासकट, पत्राला जोडलीस. त्या यादीबद्दल तुझे मनापासून आभार. ती किती उपयोगी पडली ते पुढे सांगते.

यादीत बावन्नाव्या ओळीवर हट्ट्याची शाळा आहे. माझे बाबा तिथे तीस वर्षं शिपाई होते. मी जन्मले त्या दिवशी बाबांनी ऑफिसच्या भिंतीवरचं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, त्यातलं पान घडी घालून घरी आणलं. तेवीस ऑगस्ट १९७४, शुक्रवार. माय ते पान पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायची. ऐंशीच्या जूनमध्ये माझं नाव घालायला बाबा ते पान घेऊन गुरुजींपुढे उभे राहिले, तर गुरुजी हसले. "पुंजाजी, शाळा जूनात भरती. समद्या लेकरायला एक जूनच लावतो आपुन. सहा वर्सं पुरी दिसाया पायजेत ना." रजिस्टरात एक जून १९७४ पडली. माझ्या वर्गातल्या एकतीस जणांचा जन्म एक जूनचाच होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाबांना वाटलं. ज्या रजिस्टराची धूळ रोज आपण झटकायची, त्यात आपल्याच लेकीची तारीख खोटी, हे त्यांना कायम खुपत राहिलं.

शहाण्णवमध्ये आपण दोघं गोपीचंद सरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागलो. कापडदुकानाच्या वरचा मजला, तीन मशीन, त्यातलं एक कायम पोट उघडून पडलेलं, आणि लाइट गेली की सगळे जिन्यात. दाखल्यांच्या प्रोग्रामची कल्पना माझी, हे तू तेव्हा दहा जणांपुढे सांगायचास. बाबांच्या शाळेतला कारकून जून-जुलैत दाखले लिहून लिहून वैतागायचा आणि 'जन्मतारीख अक्षरी' या रकान्यात हमखास चुकायचा. मी फॉक्सप्रो या तेव्हाच्या भाषेत ते काम बसवलं. शंभर आकड्यांचा तक्ता आलेखाच्या वहीवर माझ्या हाताने लिहिलेला होता. छपाईचा भाग तुझा, आणि तो तू झकास केला होतास, हे मी आजही कबूल करते. आतल्या खणांना मी घरचीच नावं दिली होती. तारीख ठेवायचा खण भागू, माझ्या मायच्या नावाचा. रजिस्टर नंबर ठेवायचा तो पुंजा. तू हसून म्हणाला होतास, तुझे आईबाप आता माझ्या हाताखाली आले. मीही हसले होते.

रजिस्टरातली तारीख मशीनला वाचता आली नाही की प्रोग्राम अडून बसायचा. त्यावर मी उपाय काढला. अशा वेळी तात्पुरती एक ठरावीक तारीख धरायची, आणि छापताना तीच तारीख समोर आली की जागा कोरी सोडायची. मग मुख्याध्यापक रजिस्टर बघून पेनाने भरतील. आता शाळेत असणाऱ्या कुणाची असू शकणार नाही अशी जुनी तारीख हवी होती. मी माझी खरी तारीख घातली, तेवीस ऑगस्ट १९७४. कुठल्याच कागदावर नसलेली आपली तारीख निदान मशीनच्या पोटात असावी, एवढीच हौस. जिन्यात बसून मी तुला हे सांगितलं तेव्हा तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, दर तेवीस ऑगस्टला तुला माझं कार्ड येणार. अठ्ठ्याण्णवला आलं. ते पहिलं आणि शेवटचं.

नव्व्याण्णवच्या एक मेला हिंगोली जिल्हा झाला आणि आपलं नशीब उघडलं. सगळ्या छापील दाखल्यांवर 'जिल्हा परभणी', गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जमा. अमृतरावांच्या संस्थेच्या अकरा शाळांना, त्यात हट्ट्याचीही आली, नवे दाखले घाईने हवे होते. आपण प्रोग्राम दाखवायला त्यांच्या बैठकीत गेलो. अर्धा तास मी बोलले, ते मान डोलावत होते. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाय. कुठली म्हनायची?" मी सांगितलं, हट्ट्याची. "हट्ट्याची व्हय? कोनाची?" मी बाबांचं नाव सांगितलं, आडनावासकट. "आपल्या शाळंतल्या पुंजाजीची?" त्यानंतरचा प्रत्येक प्रश्न त्यांनी तुझ्याकडे बघून विचारला. तुला उत्तर यायचं नाही, मी द्यायचे, आणि ते पुन्हा तुझ्याकडेच बघून "बराबर" म्हणायचे. परत येताना एसटीत तू गप्प होतास. मला वाटलं, माझ्या वतीने तुला राग आलाय.

पंधरा जूनला पहिलं मशीन हट्ट्याच्या शाळेत बसलं. बाबांनी आदल्या दिवशी कपड्यांना इस्त्री करून आणली होती. मधल्या सुट्टीला तास दीड तास अवकाश असताना त्यांनी घंटा दिली. तीस वर्षांच्या नोकरीत वेळ सोडून दिलेली ती एकच घंटा. मास्तर, मुलं, समोरच्या दुकानातली माणसं, सगळे ऑफिसच्या खिडकीशी गोळा झाले आणि बाबा प्रत्येकाला सांगत होते, "माह्या लेकीनं केलंय हे. पडद्यावर नाव येतंय तिचं." तू बटण दाबलंस. पडदा उजळला, 'निर्मिती' असं आलं आणि खाली फक्त तुझं नाव. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे दोन नावं होती आणि पहिलं माझं होतं. बाबा चौथी शिकलेले, बोट लावून वाचायचे. त्यांनी काचेवर बोट ठेवून तुझं नाव आडनावापर्यंत वाचलं, बोट खाली सरकवून आणखी काही आहे का ते पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुहं कुठं हाय गं?" सगळी खिडकी ऐकत होती. मी म्हणाले, आतल्या पानावर आहे, बाबा. त्यांनी मान हलवली आणि घंटेची हातोडी जागेवर टांगायला गेले.

नंतर व्हरांड्यात तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, मला शब्द न् शब्द पाठ आहे. "हे बघ दीक्षा, तुझं नाव आज ना उद्या लग्नात बदलणारच. सारखं बदलत कोण बसणार?" आणि मी इतकी खुळी, अंगद, की क्षणभर मनातून सुखावले. वाटलं, कोणाच्या नावात बदलणार ते तू आडून सुचवतोयस. डिसेंबरात तुझ्या लग्नाची पत्रिका क्लासच्या पत्त्यावर आली. नवरी अमृतरावांची पुतणी. पाकिटावर लिहिलेलं, 'श्री. गोपीचंद सर आणि स्टाफ'. स्टाफ म्हणजे मी. ती पत्रिका मी फाडली नाही, जाळली नाही. फाइलला लावून ठेवली. माझं लग्न पुढे रविंद्रशी झालं, तो जिल्हा ग्रंथालयात आहे. नाव बदलायचं का असं त्याने विचारलं, मी नाही म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. म्हणजे तुझं ते भाकीतही खोटं ठरलं.

बाबा २००३ मध्ये गेले. त्या 'आतल्या पाना'चा विषय त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. मी खोटं बोलले हे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला माहीत होतं. चार वर्षं आम्ही बापलेक त्याला वळसा घालून बोलत राहिलो. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. तू मला सोडलंस ते मी केव्हाच झटकून टाकलं, तशा गोष्टी होतात. पण खिडकीशी जमलेल्या गावापुढे बाबांचं बोट काचेवरून खाली घसरत गेलं, ते मला अजून दिसतं.

आता मागच्या जुलैची गोष्ट. पुसेगावची जिवनबाई तिच्या लेकीला, अंजलीला, घेऊन सेंटरवर आली. शेळ्यामेंढ्यांचं घर, वर्षातले काही महिने रानातच मुक्काम, आणि पोरीला दहावीला एक्क्याऐंशी टक्के. कॉलेजने तिचा अकरावी सायन्सचा फॉर्म परत केला होता. जिवनबाईने शाळेचा दाखला माझ्यापुढे ठेवला. "बाई, हे वाचा बरं. माह्या लग्नाच्या आधी हिचा जलम कसा झाला वं? समदे हसून राह्यले." मी वाचलं. जन्मतारीख अक्षरी, तेवीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझ्याच तक्त्यातले शब्द, माझीच तारीख, पंधरा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे. जागा कोरी असती तर मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडलं असतं. छापून आलंय म्हटल्यावर न वाचता सही ठोकली. दुरुस्तीसाठी त्या मायलेकींनी सेनगावला सहा आणि हिंगोलीला तीन खेपा घातल्या. नवा दाखला सप्टेंबरात हाती आला तेव्हा सायन्सच्या जागा भरल्या होत्या. अंजली यंदा शेळ्यांमागे आहे. ही तारीख कुणी छापली ते तिला कळलं नाही, आणि ती मशीनच्या पोटातून बाहेर कशी आली ते मलाही उमगेना.

ते तू सांगितलंस. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की पाच नंबरवर प्रोग्राम पुसेगावच्या एका शाळेत चालवून पाहिला, पण काही दाखल्यांवर २३ ऑगस्ट १९७४ ही विचित्र तारीख येते, 'ती तुमच्या लायब्ररीतून कुठून येते ते शोधावं, सर'. आणि खाली तुझ्या प्रोग्रामच्या साठ ओळी चिकटवल्यास. पहिल्याच ओळीत भागू. तिसऱ्या ओळीत पुंजा. फॉक्सप्रोतून पीएचपीत आणताना तू खणांची नावंसुद्धा बदलली नव्हतीस. पडद्यावरून मला काढलंस आणि आत माझे आईबाप तुझ्याकडे राबत राहिले. मी ती प्रिंट मायला वाचून दाखवली. तिला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण तिचं नाव त्यात बावीस वेळा आहे म्हटल्यावर म्हणाली, "मंग मजुरी कुठं हाय?" आम्ही दोघी खूप हसलो.

चूक 'अक्षरी'त नाही, तुझ्यात आहे. तारीख समजली नाही तर चार नंबरची भाषा 'उणे एक' असं उत्तर देते. पाचच्या नव्या आवृत्त्यांत ते उत्तर बदललं, आता ती 'असत्य' म्हणते. हा बदल सगळ्यांना वाचायला मिळेल असा लिहून ठेवलेला आहे. तू उणे एक आलं तर जागा कोरी सोडावी अशी तुझी ओळ घातलीस, आणि 'ही ठरावीक तारीख दिसली तर कोरी सोड' ही माझी ओळ बिनकामाची समजून काढून टाकलीस. चारवर ते खपून गेलं. पाचवर उणे एक येतच नाही, प्रोग्राम माझी तात्पुरती तारीख धरतो, आणि तिला अडवणारी ओळ तर तू उडवलेली. दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. तू काढलेली माझी ओळ परत घाल. ही तारीख कुठून आली असं तू विचारलंस ना? ज्या मुलीला तू दरवर्षी कार्ड पाठवणार होतास तिचा तो जन्मदिवस आहे. साठ ओळी तपासल्यास, तीन इंजिनियर बसवलेस असंही लिहिलंयस, आणि एकदाही तुला ती तारीख ओळखीची वाटली नाही.

तुझं पत्र आल्यावर पहिले दोन दिवस माझ्या मनात काय होतं तेही लिहिते. वाटलं, काही बोलायचंच नाही. चार बंद करायची, तुला पाचवर ढकलायचं, आणि येत्या जूनमध्ये तीनशे चाळीस शाळांतून माझी जन्मतारीख छापून निघू द्यायची. अक्षरी. मुख्याध्यापकांचे फोन, पेपरात बातमी, अमृतराव तुझ्याकडे बघून प्रश्न विचारतायत, हे सगळं मी चहा पिताना डोळ्यांपुढे आणलं आणि मला फार बरं वाटलं. मग जिवनबाईचं "समदे हसून राह्यले" आठवलं. तुझ्या एका प्रोग्रामामागे अशा किती अंजली रांगेत असतील ते मोजायला बसले आणि माझी मलाच लाज वाटली. म्हणून लिस्टवर त्याच आठवड्यात मी सगळ्यांसाठी सूचना टाकली, उणे एकबद्दल, कुणाचं नाव न घेता. ती तू वाचली नाहीस. परवा पुन्हा तोच प्रश्न विचारलास.

राहिला चारचा प्रश्न. प्रेमसिंगजी म्हणत होते, "बेटा, गरीब के घर पुरानी मशीन ही होती है, चार को मारोगी तो वही मरेगा." त्यांचं म्हणणं मला पटत होतं. माझाही नियम सरळ आहे. ज्या आवृत्तीला तिचे कर्तेच सांभाळत नाहीत तिला आपण उरावर घेऊ नये. एकच काम दोनदा लिहायचं, दोनदा तपासायचं, आणि एवढं करून भोकं पडलेल्या भांड्यात पाणी भरायचं. पण ज्यांना हलायला वेळ लागतो त्यांना मुदत द्यावी. म्हणून ऑक्टोबरात मी ऑगस्टअखेरची मुदत मनात धरली होती. तुझं पत्र आलं आणि मी ती पाच फेब्रुवारीवर आणली. ते जवळपास सात महिने मी निव्वळ तुझे कापले. त्याला तत्त्वाचं गोंडस नाव द्यायची माझी इच्छा नाही. फक्त त्याआधी चारवर आणखी कोण कोण आहे ते लिस्टवर विचारून घेतलं. अकरा जण निघाले. पाच जणांना प्रेमसिंगजींनी आणि मी मिळून पाचवर आणून दिलं, सहा जण म्हणाले आहे तीच जुनी प्रत आम्हाला पुरते. तुझ्याखेरीज रडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मी निकाल लावला. मंगळवारी तो लिस्टवर येईल, या वेळी आद्याक्षरांऐवजी पूर्ण नावाने.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. तुझ्या पत्रानंतरच्या दहा आठवड्यांत मी दाखल्यांचा प्रोग्राम नव्याने लिहिला, पाचवर, शाळेच्या स्वतःच्या मशीनवर चालणारा, फुकट, तुझी एक ओळही न घेता. कोरी जागा त्यात कोरीच राहते. तू पाठवलेल्या यादीवरून रविंद्रने आणि मी तीनशे एकोणचाळीस पाकिटांवर पत्ते चिकटवले आणि काल हिंगोलीच्या पोस्टातून सगळ्या सीडी रवाना केल्या. हट्ट्याची मी स्वतः घेऊन गेले. हल्लीचा शिपाई नरसिंग म्हणून आहे, त्यालाच बटण दाबायला सांगितलं, आणि माय पडद्यासमोर खुर्चीवर बसली होती. तिला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून काचेवर ठेवलं आणि निर्मितीखालचं नाव आडनावापर्यंत वाचून दाखवलं. छपाईची कल्पना मूळची तुझी, म्हणून त्याखाली तुझंही नाव घातलं होतं. दोन दिवस ठेवलं, मग काढून टाकलं. तुझं नाव काही बदलणार नाही, ते कुठेही सापडेल. सोमवारपासून मुख्याध्यापकांचे फोन येऊ लागतील, ते येण्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे. मी शिपायाची लेक आहे, अंगद. घंटा दिल्याशिवाय आमच्यात शाळा सोडत नाहीत.

तुझीच,
'डिअर सर'

दीक्षा पुंजाजी खिल्लारे
जन्मतारीख अक्षरी: तेवीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर